चालणं-फिरणं कठीण होणं: कोणाला, किती आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या गिरणगावात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देताना लोक जिन्यात, दारात आणि रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न त्यांचेच, त्यांच्याच शब्दांत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. चालण्या-फिरण्याची अडचण म्हणजे नेमकं काय? आईचे गुडघे दुखतात, तेही यात येतं का?

येतं. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं, उठणं-बसणं, जिना चढणं-उतरणं, तोल सांभाळणं यातलं काहीही रोजच्या रोज अडत असेल, तर ती हालचालीची अडचण. कारण सांध्यात असेल, स्नायूत, मणक्यात, मेंदूत किंवा हृदयातही. चार पायऱ्या चढल्या की ज्यांना धाप लागते, त्यांचे पाय धडधाकट असले तरी जिना त्यांच्यासाठी बंदच असतो.

सरकारी कागदावर ‘अस्थिव्यंग’ हा शब्द दिसेल. तो याहून बराच अरुंद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व मान्य आहे. त्यात अस्थिव्यंगाबरोबर कुष्ठरोगमुक्त व्यक्ती, सेरेब्रल पाल्सी, बुटकेपणा, स्नायूंचा क्षय आणि ॲसिड हल्ल्यातले पीडित येतात. आईचे गुडघे या यादीत बसतीलच असं नाही (प्रश्न १२ पाहा), पण अडचण खरीच आहे.

२. भारतात अशी माणसं किती आहेत? महाराष्ट्रात किती?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यांतल्या ५४ लाखांहून अधिक जणांची नोंद हालचालीच्या अपंगत्वाखाली झाली. अपंगांमध्ये पाचातला एक. महाराष्ट्रात एकूण नोंद सुमारे २९ लाख ६३ हजारांची, आणि त्यातही हालचालीचं अपंगत्व असणारे काही लाख.

हे आकडे वापरा, पण ही तळाची पातळी आहे असं धरून वापरा. का, ते पुढच्या उत्तरात.

३. कुठे १ टक्का वाचतो, कुठे २, कुठे १६. खरं कोणतं?

आकडा माणसांवर जितका अवलंबून असतो, तितकाच विचारलेल्या प्रश्नावर. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या जनगणनेत विचारलं गेलं, घरात कोणी अपंग आहे का? उत्तर हो किंवा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण जेमतेम १ टक्का आलं. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ते २.२ टक्के होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल मात्र जगात १३० कोटी लोकांना, म्हणजे १६ टक्क्यांना, लक्षणीय अपंगत्व असल्याचं सांगतो. आपल्याकडची माणसं जगापेक्षा सातपट धडधाकट आहेत यावर माझा विश्वास नाही. तुमचाही नसावा.

फरक कसा पडतो ते एका घरातून सांगते. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंना मी विचारलं, “तुम्हाला काही अपंगत्व?” त्या दुखावल्याच. “छे गं, अपंग कुठली मी!” मग विचारलं, “खाली भाजीला जाऊन वर यायला किती वेळ लागतो?” त्यांनी बोटांवर मोजलं. प्रत्येक वळणावर थांबायचं, पिशवी आधी वरच्या पायरीवर ठेवायची, मग कठडा धरून एकच पाय पुढे, दुसरा त्याच पायरीवर आणायचा. वीस मिनिटं. पावसाळ्यात त्या जातच नाहीत, कारण कठडा ओला असतो. पहिल्या प्रश्नात काकू शून्य. दुसऱ्यात त्यांना ‘खूप अडचण’.

याच कारणासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली २००१ साली वॉशिंग्टन गट स्थापन झाला. त्यांच्या छोट्या प्रश्नावलीत सहा प्रश्न आहेत आणि ‘अपंग’ हा शब्द एकदाही येत नाही. त्यातला एक, चालताना किंवा पायऱ्या चढताना अडचण येते का? उत्तरं चार: अजिबात नाही, थोडी, खूप, जमतच नाही. ‘खूप’ किंवा त्यापुढचं उत्तर आलं की ती व्यक्ती मोजली जाते. अमेरिकेत २०१६ च्या पाहणीत चालताना किंवा जिना चढताना गंभीर अडचण असणारे प्रौढ १३.७ टक्के निघाले. तिथे ‘गंभीर अडचण’ हेच शब्द वापरून विचारलं जातं.

दोन आकड्यांची तुलना करण्याआधी प्रश्न काय होता ते बघा. नाहीतर तुलना करू नका.

४. वय वाढलं की हे होणारच ना?

प्रमाण वाढतं, यात शंका नाही. २०११ च्या जनगणनेत सगळ्या प्रकारचं अपंगत्व मिळून साठ ते एकोणसत्तर वयात सुमारे ४ टक्के, ऐंशीच्या घरात ८ टक्क्यांच्या वर. वर सांगितलेल्या अमेरिकन पाहणीत पासष्टीपुढे चालण्याची गंभीर अडचण असणारे जवळजवळ २७ टक्के होते.

पण ‘होणारच’ हा शब्द मला खटकतो. घरच्यांनी तो उच्चारला की उपचार थांबतात. गुडघ्याभोवतीचे स्नायू सत्तरीतही बळकट होतात. मांडीचे साधे व्यायाम तीन महिने नेमाने केलेल्या आजोबांनी वॉकर सोडून काठी घेतलेली मी पाहिली आहे. वय हे कारणांपैकी एक कारण. बाकीची पडणं, वजन, साखर, नजर, झोपेच्या गोळ्या आणि घरातला अंधार यांत असतात, आणि त्यातली बरीच बदलता येतात.

आणखी एक गल्लत नेहमी होते. त्याच जनगणनेत सर्वाधिक अपंग व्यक्ती १० ते १९ या वयोगटात होत्या, सुमारे ४६ लाख. कारण त्या वयाची मुलंच देशात खूप होती. संख्या तरुणांची जास्त, प्रमाण म्हाताऱ्यांचं जास्त. दोन्ही खरं.

५. बायकांना जास्त त्रास होतो की पुरुषांना?

सरकारी मोजणीत पुरुष जास्त. २०११ मध्ये हालचालीचं अपंगत्व असलेले पुरुष ३३ लाख ७० हजार, स्त्रिया २० लाख ६६ हजार. २०१८ च्या पाहणीतही एकूण अपंगत्व पुरुषांत २.४ आणि स्त्रियांत १.९ टक्के.

जगभरात मात्र माणसाला स्वतःची अडचण विचारली की चित्र उलटतं. जागतिक आरोग्य संघटनेने ५९ देशांतल्या पाहण्यांवरून २०११ मध्ये प्रौढांचे आकडे मांडले: पुरुष १२ टक्के, स्त्रिया १९.२ टक्के. संधिझिजेच्या रुग्णांत जगात सुमारे ६० टक्के स्त्रियाच आहेत आणि सर्वाधिक झिजणारा सांधा गुडघा आहे. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होतात तो भाग वेगळाच.

मग आपल्याकडे बायका जातात कुठे? काही भाग खरा आहे. रस्त्यावरचे, रेल्वेतले आणि कामावरचे अपघात पुरुषांना जास्त होतात. उरलेला भाग मोजणीतला. प्रश्नाला उत्तर बहुतेक वेळा घरातला कर्ता माणूस देतो. कमावत्या पुरुषाचा पाय गेला तर घराचं उत्पन्न जातं, ते कोणी विसरत नाही. आई उकिडवी बसू शकत नाही म्हणून ओट्याला टेकून भाकरी थापते, हे मात्र मुलाच्या नजरेलाही पडलेलं नसतं. प्रमाणपत्रासाठी दिवसभर रांगेत उभं राहायला तिला सोडतं कोण, हाही प्रश्न आहेच.

माझ्याकडे येणाऱ्यांत धुणी-भांडी आणि लादी पुसण्याचं काम करणाऱ्या बायका खूप आहेत. वीस-पंचवीस वर्षं उकिडवं बसून पाच घरांची लादी. पन्नाशीच्या आतच गुडघे बोलू लागतात. त्यांच्यातल्या एकीचंही नाव मी कुठल्या अपंगांच्या यादीत पाहिलेलं नाही.

६. लहान मुलांमध्ये मुख्य कारण कोणतं?

सेरेब्रल पाल्सी. जन्माआधी, जन्मताना किंवा लगेच नंतर मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीवर ताबा राहत नाही. श्रीमंत देशांत हजार जन्मांमागे साधारण दोन मुलांना ती असते, जिथे बाळंतपणाच्या सोयी तोकड्या तिथे जास्त. याशिवाय स्नायूंचा क्षय, मणक्याचे जन्मजात दोष आणि वाकडी पावलं. वाकड्या पावलावर पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर सुरू केलं तर ते बहुतांशी सरळ होतं. बाळ आठ-नऊ महिन्यांचं होऊनही बसत नसेल तर ‘मुलगे उशिरा बसतात’ म्हणून थांबू नका.

७. माझ्या काकांना लहानपणी पोलिओ झाला होता. आता साठीत पाय पुन्हा कमजोर का होतोय? पोलिओ तर संपला ना?

नवा पोलिओ संपला. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण पल्स पोलिओ मोहीम १९९५ ची. त्याआधी ज्यांना झाला ते आज तिशीपासून सत्तरीपर्यंत आपल्यात आहेत. दिव्यांगांच्या डब्यात कॅलिपर (पायाला आधार देणारी चौकट) लावलेली माणसं दिसतात, त्यांतली कितीतरी याच पिढ्यांतली.

मूळ आजारानंतर पंधरा ते चाळीस वर्षांनी काहींना नव्याने अशक्तपणा, थकवा आणि सांधेदुखी सुरू होते. त्याला पोलिओ-पश्चात लक्षणसमूह म्हणतात. काकांना सांगा, जोर लावून व्यायाम वाढवू नका. अशा स्नायूंना अतिश्रम बाधतात. आधी मज्जारोगतज्ज्ञाकडे जा, मग व्यायाम ठरवा.

पुढच्या पिढीत हा गट जवळजवळ नसेल. गटांची तुलना करताना हे लक्षात ठेवावं लागतं: आजचा साठीतला माणूस आणि तीस वर्षांनंतरचा साठीतला माणूस वेगळ्या कारणांनी लंगडतील.

८. डायबिटीस आणि चालण्याचा काय संबंध?

फार मोठा. देशव्यापी पाहणीच्या २०२३ मधल्या निष्कर्षांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, प्रौढांत ११.४ टक्के. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पावलाच्या नसा बधिर होतात. मग चपलेत खडा असला तरी कळत नाही. जखम होते, चिघळते, बोट कापावं लागतं, कधी पाय. पक्षाघाताचाही धोका वाढतो, आणि त्यानंतर अर्धं अंग लुळं पडलेले रुग्ण माझ्या यादीत सगळ्यात जास्त आहेत.

रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून बघा. वाकता येत नसेल तर नातवाला सांगा.

९. गरिबांमध्ये हे जास्त असतं का?

जगभरच्या पाहण्यांत गरीब घरांत प्रमाण जास्त दिसतं, आणि ते दोन्ही बाजूंनी होतं. ओझी, अपघात, उशिरा मिळालेले उपचार यांतून अपंगत्व येतं. अपंगत्वातून नोकरी जाते आणि गरिबी येते.

मुंबईत तिसरी बाजू आहे, जागेची. भांडुप किंवा घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत दारापर्यंत पायऱ्याच पायऱ्या, आणि संडास खाली. तोच गुडघा, तीच झीज, पण लिफ्टच्या इमारतीतल्या बाई बाजारात जातात आणि डोंगरावरच्या बाई रात्री पाणी पिणं बंद करतात, संडासला उतरावं लागू नये म्हणून. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग. मी हे एका घरात पाहिलेलं नाही, अनेक घरांत पाहिलं आहे.

साधनांचंही तसंच. जगात सुमारे ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे आणि देशागणिक त्यातल्या फक्त ५ ते ३५ टक्क्यांना ती मिळते.

१०. गावापेक्षा शहरात कमी आहे म्हणतात. मुंबईत तर सगळ्या सोयी आहेत.

कागदावर फरक किरकोळ आहे: २०११ मध्ये ग्रामीण भागात २.२४ टक्के, शहरी भागात २.१७. मुंबईत मोठी सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं आहेत, हाजी अलीला १९५५ पासूनची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. जयपूर फूट, कॅलिपर, व्हीलचेअर हे सगळं इथे मिळतं. पण व्हीलचेअर मिळाल्यावर ती फिरवायची कुठे, हे रुग्ण मलाच विचारतात. उखडलेले पेव्हर ब्लॉक, फूटपाथची फूटभर उंची, मध्येच आलेला खांब.

११. आमची चाळ पाडून टॉवर होतोय. लिफ्ट आली की आजीचा प्रश्न सुटला ना?

बराचसा सुटतो, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या २०७ बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी शंभर वर्षांपूर्वीच्या. तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, संडास सामायिक. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या माणसासाठी लिफ्ट आणि घरातला कमोड हे कुठल्याही औषधापेक्षा मोठे.

तरी तीन गोष्टी आताच विचारून घ्या. गेटपासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नाही ना? रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीला किमान १८० सेंटिमीटर लांब रॅम्प. तीन पायऱ्यांना साडेपाच मीटर लागतात, आणि बिल्डर दीड मीटरची घसरगुंडी बांधून मोकळा होतो. दुसरं, वीज गेल्यावर लिफ्ट चालते का? तिसरं, बाथरूमचं दार किती रुंद? वॉकर आत शिरत नसेल तर आजी पुन्हा दारातच उभी.

एक गोष्ट आराखड्यात दिसत नाही. चाळीच्या गॅलरीत आजी दिवसातून दहा वेळा उठून कठड्याशी यायची, शेजारीण हाक मारायची. टॉवरमध्ये दार बंद. बसून राहण्याने पाय आखडतात. खाली बागेत नेऊन आणायची वेळ पहिल्याच आठवड्यात ठरवा.

१२. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का?

वयामुळे मिळत नाही आणि दुखण्यामुळेही मिळत नाही. सांधा किती हलतो, स्नायूत ताकद किती, तोल राहतो का, हे तपासून टक्केवारी ठरते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा अधिक लागतात. अर्ज केंद्राच्या यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) पोर्टलवर करायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात तपासणी.

सांधे बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण सुधारणा होण्यासारखी स्थिती असेल तर प्रमाणपत्र तात्पुरतं मिळू शकतं. ४० टक्क्यांच्या खाली राहिल्या तर त्या सरकारी हिशेबातून बाहेर राहतील. त्यांचा जिना तेवढाच उंच राहील, म्हणून उपचार थांबवू नका.

१३. माझा पाय मोडलाय, सहा महिने कुबड्या. मी यात मोजला जातो का? लोकलच्या दिव्यांग डब्यात चढू शकतो का?

अपंगत्वाच्या मोजणीत नाही. तिथे दीर्घकाळ टिकणारी अडचण धरतात. वॉशिंग्टन गटाच्या प्रश्नाला मात्र तुम्ही ‘खूप’ असं उत्तर दिलं, तर त्या दिवशीच्या पाहणीत याल (प्रश्न ३).

दिव्यांग डबा दिव्यांगांसाठी आहे. कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रियांनाही मुभा आहे. नुसत्या प्लास्टरवर हक्क सांगता येत नाही, त्यामुळे चढण्याआधी स्टेशनवर विचारा. शक्य असेल तिथे मेट्रो घ्या. लिफ्ट आहेत आणि गाडी फलाटाच्या पातळीला येते. लोकलचे फलाट ९०० मिलीमीटरपर्यंत उंच करण्याचं काम झालं, तरी गाडी आणि फलाटातली फट कुबडीचं टोक अडकायला पुरेशी असते. कुबडी आधी आत टेकवू नका. दांडी धरा, पाय ठेवा, मग कुबडी.

१४. बाबांना पार्किन्सन्स आहे. सकाळी छान चालतात, दुपारी दारातच थिजतात. लोक म्हणतात नाटक करतात.

नाटक नाही. गोळीचा असर असतो तोवर शरीर मोकळं, असर उतरला की जखडलेलं. दारात, लिफ्टपाशी, अरुंद जागेत पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. जगात २०१९ मध्ये ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता. मल्टिपल स्क्लेरोसिस, आमवात, हृदयाचा अशक्तपणा यांतही दिवस सारखे नसतात. पाहणीवाला सकाळी आला तर बाबा ठणठणीत, दुपारी आला तर अपंग.

थिजले की ओढू नका. दारात फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेषा मारा आणि “रेषेवरून पाय टाका” म्हणा, किंवा एक-दोन, एक-दोन मोजा. अनेकांचे पाय सुटतात.

१५. जनगणनेसाठी किंवा पाहणीसाठी कोणी घरी आलं तर काय सांगायचं?

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख बहुतांश देशासाठी १ मार्च २०२७ आहे. त्याआधी घरात बोलून ठेवा. ‘अपंग आहे का’ या प्रश्नाला लाजून नाही म्हणू नका. आईला बाहेरच्या खोलीत बोलवा आणि तिचं उत्तर तिलाच देऊ द्या. ती “मला काय झालंय” म्हणेल. तेव्हा विचारा, “आई, खाली शेवटचं कधी उतरली होतीस?”